घरातल्या घरात

बेलवलीच्या शाळेत राजसी टीचर चौथीला शिकवायच्या. वर्गातल्या निम्म्या पोरांकडे आईचा नाहीतर काकाचा जुना मोबाईल असायचा. मधल्या सुट्टीत त्यांच्या ज्या गप्पा चालायच्या त्या ऐकून टीचरनी ठरवलं, की शुक्रवारच्या शेवटच्या तासाला पुस्तक बाजूला ठेवायचं. मुख्याध्यापकांनी हो-नाही करत परवानगी दिली. "फार खोलात जाऊ नका म्हणजे झालं," ते म्हणाले. "पालक लगेच भांडायला येतात."

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी टीचरनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'गुपित' असं लिहिलं.

"गुपित म्हणजे काय?"

"सिक्रेट!" पोरं एका सुरात ओरडली.

"पप्पांच्या वाढदिवसाला केक आणलाय, त्यांना सांगायचं नाही. हे कसलं गुपित?"

"चांगलं!"

"का बरं चांगलं?"

"कारण मग केक मिळतो," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

"बरोबर. चांगलं गुपित थोड्या वेळाने सगळ्यांना कळतं आणि सगळे खूश होतात. वाईट गुपित मात्र कधीच कुणाला सांगू नको, असं आपल्याला बजावलेलं असतं. ते पोटात ठेवलं की पोट दुखायला लागतं. आता मोबाईलवर कुणी भेटलं, गोड बोललं, आणि म्हणालं, हे मम्मीला सांगू नको हां. तर तो आपला मित्र?"

"नाही!"

"मग काय करायचं?"

"ब्लॉक!"

"आणि?"

"मम्मीला सांगायचं!"

घंटा झाली. पोरं दप्तरं भरायला लागली. त्या गोंधळात दुसऱ्या बाकावरच्या रिद्धीने हात वर केला. हात वर होता, पण ती टीचरकडे बघत नव्हती.

"टीचर, आणि सांगितलं तर मम्मीलाच मार पडणार असेल तर?"

आजूबाजूच्या कुणी ते ऐकलं नाही. टीचरनी ऐकलं. वर्ग रिकामा होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग रिद्धीच्या शेजारी, त्या छोट्या बाकावर बसल्या. रिद्धी बराच वेळ कंपास पेटीचं झाकण उघडत-बंद करत राहिली. मग तिने एंजलबद्दल सांगितलं.

रिद्धीची आई विनिता दुसऱ्या दिवशी शाळेत आली. तिच्या सासरच्यांचं गावातलं जुनं घर पाडून तिथे तीन मजली इमारत उभी राहिली होती. खाली गाळे भाड्याने दिलेले, वरच्या मजल्यावर सगळे एकत्र राहायचे: सासरे जनू, सासू पुतळाबाई, विनिता, तिचा नवरा भावेश, नऊ वर्षांची रिद्धी आणि वर्षभरापासून भावेशचा एक भाचा. भावेशचा रेती-विटांचा धंदा होता, दाराशी दोन डंपर उभे असायचे. माणूस वाईट नव्हता, पण रागाला आवर नव्हता. रागात हातात येईल ते फेकायचा, आणि कधी कधी हातात काही नसलं तरी हात उचलायचा.

राजसी टीचरनी ऑफिसचं दार लोटून घेतलं. "फोन आणलात?"

विनिताने तिचाच जुना फोन पुढे ठेवला. तो आता रिद्धी वापरायची, त्यावर एक गेम होता. गेममध्ये खेळता खेळता बोलताही यायचं. टीचरनी ते संभाषण उघडलं.

एंजल नावाची कुणी मुलगी होती. दहा वर्षांची, असं ती सांगत होती. तिने रिद्धीला गेममधले हिरे दिले होते, नवा ड्रेस दिला होता. तू किती छान खेळतेस म्हणाली होती. मग शाळा कुठली, कितवीत आहेस, घरी कोण कोण असतं. मग फोटो. आधी युनिफॉर्ममधला, तो रिद्धीने पाठवला होता. मग घरातला, तोही पाठवला होता. नंतर एंजलने जो फोटो मागितला, ते वाचून विनिताने फोन उलटा ठेवला.

"तिने नाही पाठवला," टीचर हळू आवाजात म्हणाल्या. "नाही म्हणाली ती. तेव्हापासून धमक्या सुरू झाल्यात. पप्पांना सांगेन, मग पप्पा तुझ्या मम्मीला मारतील, असं. म्हणून ती गप्प होती."

विनिताचा चेहरा उतरला. बाहेरच्या माणसाला आपल्या घरातलं इतकं माहीत असावं, याची तिला आधी लाजच वाटली. मग तिने फोन पुन्हा उचलला आणि खालचे मेसेज वाचले. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

'ठमी, झोपलीस का?'

ठमाबाई ही जनूची आई. रिद्धी जन्मली तेव्हा पुतळाबाई म्हणाली होती, ही तर आपली ठमाबाईच परत आली, तेच कपाळ, तीच हनुवटी. तेव्हापासून घरात तिला ठमी म्हणायचे. फक्त घरात. शाळेत कुणाला ते नाव माहीत नव्हतं, भाडेकरूंनाही नाही. रिद्धीला स्वतःला त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. एंजलला सगळंच माहीत असतं, असं तिला वाटायचं.

"काय झालं, ताई?" टीचरनी विचारलं. "कुणी ओळखीचं वाटतंय?"

"नाही," विनिता म्हणाली.

"मला हे पोलिसांना कळवावं लागतं. कायदाच आहे तसा. मी आजच..."

"दोन दिवस थांबा, टीचर." विनिताने त्यांचा हात धरला. "ह्यांना सांगू द्या आधी. तुम्ही कळवलंत आणि पोलीस दारात आले तर घरात काय होईल तुम्हाला नाही माहीत. आम्ही स्वतः जाऊ. तुमच्या पाया पडते."

टीचरनी हळूच हात सोडवून घेतला. मग म्हणाल्या, "दोनच दिवस."

घरी येताना विनिता रिक्षात बसून एकेक माणूस डोळ्यांपुढे आणत होती. सासऱ्यांना फोन उचलायचा कसा एवढंच माहीत होतं. भावेश रिद्धीचा बाप. ते नाव मनात आल्यावर तिची तिलाच शिसारी आली. मग उरला अल्पेश.

अल्पेश म्हणजे भावेशच्या बहिणीचा, सुंदराबाईचा मुलगा. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये सुंदराबाईची दोन खोल्यांची जागा होती. अल्पेशला बदलापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा पुतळाबाईच म्हणाली, रोज ये-जा कशाला, मामाच्या घरी राहा. वर्ष होऊन गेलं होतं. तेवीस वर्षांचा, शांत, कुणाला उलट उत्तर नाही. जनूचं ब्लडप्रेशरचं औषध तोच आणायचा. रक्षाबंधनाला रिद्धी त्याला राखी बांधायची. तो गेम त्यानेच घालून दिला होता. आणि विनिता स्वतः त्याला म्हणाली होती, "अल्पेश, तुला यातलं समजतं, हिच्या फोनवर जरा लक्ष ठेव रे बाबा."

नसेल तो, असं ती स्वतःला सांगत होती. नाव कुठूनही कळू शकतं.

संध्याकाळी सगळे हॉलमध्ये टीव्ही बघत बसले होते. अल्पेश कामावरून येऊन भिंतीला टेकून बसला होता. रिद्धीला विनिताने मुद्दाम खालच्या भाडेकरणीकडे खेळायला पाठवलं होतं. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. विनिताने ओट्यापाशी उभं राहून रिद्धीचा फोन उघडला आणि एंजलला लिहिलं, 'आहेस का?'

हॉलमध्ये अल्पेशने खिशातून फोन काढला.

विनिताच्या हातातला फोन थरथरला. 'हो ठमी. कुठे आहेस?'

'खाली खेळायला,' तिने लिहिलं.

'मम्मी कुठेय?'

'किचनमध्ये.'

दाराच्या फटीतून तिला तो दिसत होता. त्याने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, अगदी सहज, चहा झाला का बघावं तसं. मग पुन्हा फोनवर वाकला.

चहा उतू गेला. गॅसवर चर्रर झालं. "काय जालतंस गो विनिता?" पुतळाबाई बाहेरून म्हणाली. विनिताने गॅस बंद केला आणि ओट्याची कड धरून उभी राहिली.

तिने भावेशला आत बोलावलं आणि फोन हातात दिला. काय वाचायचं ते बोटाने दाखवलं. भावेशला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तो फोन हातात घेऊनच वळला. बाहेर गेला आणि अल्पेशची कॉलर धरून त्याला उभं केलं.

किती मारलं त्याला सुमार नाही. जनू मध्ये पडला तेव्हा त्यालाही धक्का लागला. अल्पेशच्या ओठातून रक्त येत होतं, तरी तो एकच सांगत होता, "मामा, मस्करी होती! ती कुणाशीपण बोलते का ते चेक करत होतो! मामीच म्हणाल्या होत्या ना लक्ष ठेव! विचारा मामीला!"

भावेशने वळून विनिताकडे पाहिलं. त्या नजरेत क्षणभर प्रश्न होता. तेवढा एक क्षण विनिता पुढे कधी विसरली नाही.

"लक्ष ठेवायला असले फोटो मागतात?" ती म्हणाली.

मग भावेशने रिद्धीचा फोन भिंतीवर आपटला. एकदा आपटून भागेना म्हणून पायाखाली घातला. "हाच सगळ्याचं मूळ," तो म्हणत होता. काचेचे तुकडे टीव्हीखाली गेले. पुरावा गेला, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. जनूच्या आलं असेलही, कारण तो पहिल्यांदा शांत झाला तो तेव्हाच.

त्याच रात्री कॅम्प पाचमधून सुंदराबाई आली. आल्या आल्या तिने भावाचे पाय धरले. "पोराला जेलात घालू नको रे दादा. एकच हाय मना. त्याचं लग्न व्हायचंय." मग विनिताकडे वळली. "वहिनी, पोरीला हात तर नाय ना लावला? काय झाला नाय ना तिला? मग?"

"घरातला हाय ता घरातल्या घरान मिटवा," जनू म्हणाला. "पोलिसात गेलं म्हंजे पहिला नाव पोरीचा निघल. उद्या तिचा लगीन व्हायचा हाय. गावान तोंड दाखवाया जागा राहनार नाय."

पुतळाबाई कोपऱ्यात बसून रडत होती. ती कुणासाठी रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. एक लेकाची लेक, एक लेकीचा लेक.

अल्पेशला सुंदराबाई घेऊन गेली. मिटलं, असं सगळ्यांनी ठरवलं.

राजसी टीचरचा फोन आला तेव्हा विनिता गच्चीवर कपडे वाळत घालत होती. "तक्रार दिलीत?" त्यांनी विचारलं.

"दिली," विनिता म्हणाली. खाली अंगणात जनू खुर्ची टाकून बसला होता. "तुम्ही काळजी करू नका. चाललंय पोलिसांचं काम."

टीचरना ते पूर्ण पटलं नव्हतं. त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "पालक म्हणतात ना दिली? मग आपला विषय संपला. आणि ते शुक्रवारचं आता जरा थांबवा." टीचरनी विषय संपवला. पुढे पोलिसांनी त्यांना याबद्दल विचारलं तेव्हा त्यांच्याकडे सांगायला याहून जास्त काही नव्हतं.

घरात रोजचं सगळं सुरू झालं, पण पुतळाबाई रिद्धीशी नीट बोलेनाशी झाली. मारायची नाही, रागवायचीही नाही. ताट समोर ठेवायची आणि उठून जायची. एकदा मात्र पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "येवऱ्याशा पोरीनी फोन घ्यावा कनाला हातान? नसता घेतला तं काय झालाच नसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनिता रिद्धीची वेणी घालत होती.

"मम्मी."

"काय?"

"मी सांगितलं नसतं तर अल्पेशदादा गेला नसता ना?"

विनिताचे हात थांबले.

"आणि आजी पण बोलली असती," रिद्धी म्हणाली. "टीचर म्हणाल्या सांगितल्यावर सगळं ठीक होतं. ठीक तर नाही झालं."

विनिताने वेणीला रिबीन बांधली. "शाळेला उशीर होतोय," ती म्हणाली. ती नऊ वर्षांची मुलगी दप्तर घेऊन जिना उतरली, आणि वळून हात करायची सवय होती तो हातही तिने केला नाही.

संक्रांत जवळ आली. स्वयंपाकघरात विनिता आणि पुतळाबाई तिळाचे लाडू वळायला बसल्या होत्या. गुळाचा पाक गरम असतानाच लाडू वळावे लागतात, म्हणून दोघींचे हात चिकट होते. सुंदराबाईचा फोन आला तेव्हा पुतळाबाईने कोपराने बटण दाबून तो स्पीकरवर टाकला.

सुंदराबाई खुशीत होती. अल्पेशला उल्हासनगरातच एका जीन्सच्या कारखान्यात काम मिळालं होतं. "सुधारलाय आता," ती सांगत होती. "कामावरून आला का कुठं जात नाय, घरीच. बाजूची सिंध्यांची करिष्मा हाय ना, तिचा अभ्यास घेतो. आठ वर्षांची हाय, पन भारी हुशार. दिवसभर भैया भैया करीत असते. तिच्या मम्मीचा फोन घेऊन येते, हा तिला गेम शिकवतो. तिची मम्मी सांगते, आपका लडका तो हीरा है."

विनिताच्या तळहातावर पाक होता. तो भाजतोय हे तिला कळायला वेळ लागला. तिने वर पाहिलं. पुतळाबाईही तिच्याकडेच बघत होती. दोघींनी एकच ऐकलं होतं, आणि दोघींनाही ते समजलं होतं. मग पुतळाबाईने मान खाली घातली आणि परातीतला लाडू उगाच पुन्हा वळायला घेतला.

"आई," विनिता म्हणाली.

पुतळाबाई लाडूच वळत राहिली. फोनवर सुंदराबाई पतंगांचं काहीतरी सांगत होती.

विनिताने हात धुतले, गॅस बंद केला, पदर सारखा केला. चपला घालत असताना पुतळाबाई मागून आली. "कंय चाललीस?"

"आधी शाळेत. मग पोलिसात."

"परत आलीस तं ह्या घरान तुला कोन उभी नाय करनार," पुतळाबाई म्हणाली. तिचा आवाज धमकीचा नव्हता. जे होणार तेच ती सांगत होती. "मी पन नाय करू शकनार."

"माहितीय मला," विनिता म्हणाली.

राजसी टीचर वर्गात शिकवत होत्या. विनिताला दारात पाहून त्या बाहेर आल्या. विनिताने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: तक्रार दिली नव्हती, तो कोण होता, आता कुठे आहे आणि कुणाला शिकवतोय. टीचरनी आत जाऊन पर्स घेतली, शेजारच्या वर्गातल्या बाईंना पोरांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाल्या. गेटवर मुख्याध्यापकांनी हाक मारली. त्या थांबल्या नाहीत.

पोलीस स्टेशनमध्ये साध्या कपड्यातल्या एक महिला अधिकारी होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "फोन कुठाय?"

"फुटला," विनिता म्हणाली.

"फुटला का फोडला?"

"फोडला. नवऱ्याने. रागात."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि हे सगळं होऊन किती काळ झाला?"

विनिताने सांगितलं. अधिकाऱ्यांनी लगेच उठून उल्हासनगरला फोन लावला. त्यांचं पाठमोरं बोलणं ऐकताना विनिता देवाला एवढंच मागत होती, की त्या मुलीला अजून काही झालेलं नसू दे.

ते मागणं उशिराचं ठरलं. अल्पेशला संध्याकाळी कारखान्याच्या दारात ताब्यात घेतलं. त्याच्या मोबाईलमध्ये एंजल होती, तशीच आणखी दोन-तीन खोटी नावं होती. रिद्धीचे फोटो होते आणि करिष्माचे होते. करिष्माच्या बाबतीत गोष्ट मोबाईलवर थांबली नव्हती. सुंदराबाई संध्याकाळच्या कामांना बाहेर गेली की तो अभ्यास घ्यायचा.

विनिताचा सविस्तर जबाब घ्यायला तिला पुन्हा बोलावलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर करिष्माची मम्मी बसलेली होती. पस्तिशीची, गोरी, अंगात घरातलाच गाऊन आणि वर ओढणी. जशी होती तशी आली असावी. विनिता कोण हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती उठून समोर आली.

"आप उसकी मामी हो?"

"हो... हां."

"आपको कब पता चला था?"

विनिता एक पाऊल मागे सरली.

"मैं पूछ रही हूं, आपको कब पता चला?"

"मार्गशीर्षात," विनिता म्हणाली. मग तिला वाटलं हिला ते समजणार नाही. "दिवाली के बाद. संक्रांत के बहुत पहले."

ती बाई तिच्याकडे बघत राहिली. मारेल, शिव्या देईल असं विनिताला वाटलं. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं. "मेरी बच्ची तो दिसंबर में जाने लगी थी उसके पास," ती हळू आवाजात म्हणाली. "दिसंबर के आखिर में." आणि परत बाकावर जाऊन बसली.

तक्रार दिली त्या दिवसापासून विनिता आणि रिद्धी बेलवलीच्या घरी परतल्याच नव्हत्या. तिची मावशी चांगुणा अंबरनाथला राहायची, तिने चाळीत एक खोली बघून दिली. भावेशने कपड्यांच्या दोन पिशव्या डंपरच्या ड्रायव्हरबरोबर पाठवल्या. स्वतः आला नाही. जनूने गावात सांगितलं, की सून टीचरच्या नादाला लागून बिघडली. शाळेतल्या काही पालकांनी मिळून अर्ज दिला, की या बाई पोरांच्या डोक्यात नको ते भरवतात. राजसी टीचरना नोटीस मिळाली. कळवायला उशीर का केला म्हणून पोलिसांनीही त्यांची चौकशी केली. त्यांनी दोन्हींना उत्तर दिलं. शुक्रवारचा तास बंद झाला तो बंदच राहिला.

विनिताने अंबरनाथला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगचं काम धरलं. रिद्धीचं नाव नव्या शाळेत घातलं. तिथे ती कुणाशी फारशी बोलत नाही, असं वर्गशिक्षिका म्हणायच्या. खोलीचं दार वाजलं की ती आतल्या बाजूला जायची आणि आईने हाक मारेपर्यंत बाहेर यायची नाही.

होळी होऊन गेल्यावर एका रविवारी भावेश आला. दाढी वाढलेली होती. खोलीत खुर्ची नव्हती म्हणून तो उंबऱ्यावरच बसला. रिद्धी त्याच्यासाठी पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बाबा म्हणतात जबाब बदल," भावेश म्हणाला. "मस्करी होती असं सांग. सुंदरा रोज येऊन रडते."

"तुम्ही काय म्हणता?"

भावेश तांब्याकडे बघत राहिला. "मी परवा पोलीस स्टेशनला गेलो होतो," तो म्हणाला. "त्यांनी बोलावलं होतं. फोन कुणी फोडला विचारलं. बाबांनी सांगून पाठवलं होतं, पडून फुटला म्हण." तो थांबला. "मी सांगितलं, मीच फोडला. त्यात काय होतं ते पण सांगितलं. वाचलेलं सगळं सांगितलं."

विनिताने मागे हात नेऊन रिद्धीचा हात धरला.

"आता मला पण घरात कोण विचारत नाय," तो म्हणाला आणि हसल्यासारखं केलं. "मी येऊ का इथे राहायला?"

"नको," विनिता म्हणाली. "तुम्ही हात उचलता. अल्पेशला तेच माहीत होतं, म्हणून ती इतके दिवस गप्प बसली. आत्ता नको."

भावेशने मान हलवली. पाणी प्यायला आणि उठला. जाताना त्याने रिद्धीच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला. ती मागे सरकली. त्याने हात खाली घेतला. पण त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. उंबऱ्यावर बसायचा, पाणी प्यायचा, जायचा.

उन्हाळ्यात कल्याणच्या कोर्टात पहिली तारीख लागली. अल्पेशला आणलं तेव्हा सुंदराबाई हंबरडा फोडून त्याच्याकडे धावली. पुतळाबाई तिच्या मागे उभी होती. तिने विनिताकडे पाहिलं, मग लेकीला सावरायला वळली. करिष्माची मम्मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. राजसी टीचर आधी तिच्याशी जाऊन बोलल्या, मग विनिताजवळ येऊन बसल्या. वकिलांनी वेळ मागून घेतला, पुढची तारीख पडली, आणि सगळे आपापल्या वाटेने बाहेर पडले. करिष्माची मम्मी विनिताच्या बाजूने गेली तेव्हा तिने ओढणी सावरली आणि तोंड फिरवलं.

संध्याकाळी विनिता खोलीवर परतली. चांगुणामावशी रिद्धीला सांभाळत होती, ती घरी गेली. विनिताने भाकऱ्या टाकल्या, सुकटीचं कालवण गरम केलं. रिद्धी ताटावर बसली.

"ती मुलगी आली होती?" तिने विचारलं.

"नाही. लहान मुलांना नाही आणत तिथे. तिची मम्मी आली होती."

"ती माझ्यावर रागावलीय?"

"तुझ्यावर कशाला रागावेल? माझ्यावर आहे तिचा राग."

"का?"

विनिताने तव्यावरची भाकरी उलटली. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. बेलवलीच्या घरात तेच चाललं होतं.

"कारण मला कळलं होतं आणि मी लगेच गेले नाही," ती म्हणाली. "सगळे म्हणाले घरातल्या घरात मिटवू, आणि मी ऐकलं. मी तेव्हाच गेले असते तर तिच्या मुलीला काही झालं नसतं. मी उशीर केला, रिद्धी."

रिद्धीने घास हातात तसाच धरला होता. ती विचार करत होती.

"पण मी लगेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "टीचरनी विचारलं आणि मी लगेच सांगितलं."

"हो," विनिता म्हणाली. "तू सांगितलंस. तू काहीच चुकीचं केलं नाहीस. चुकलो ते आम्ही मोठी माणसं."

रिद्धीने घास तोंडात घातला. बराच वेळ ती चावत राहिली. मग म्हणाली, "अजून थोडं कालवण दे."